मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं? आधी कडा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १/२० प्रमाणातली लोटस ४९, म्हणजे १९६७ च्या फॉर्म्युला वन गाडीचं मॉडेल, तुम्ही पूर्ण केलं. सांधे नीट बसले, हिरवा रंग चकचकीत आला, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं) कुठे सुरकुतलं नाही. तरी फोटो काढला की गाडी खेळण्यातली वाटते. आता तेच किट पुन्हा घेतलं आहे आणि विचारताय की या वेळी सुरुवात कुठून करावी, आणि फोटो-एचचा (रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या भागांचा) मोठा सेट घेण्यात अर्थ आहे का.

सेटचं शेवटी बोलू. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून सफाईत काही उणं दिसत नाही. अडचण जाडीची आहे. समोरची वस्तू केवढ्या मोठ्या वस्तूची प्रतिकृती आहे, हे आपला डोळा तिच्या कडांवरून ठरवतो. कड जाड दिसली की मन लगेच म्हणतं, हे छोटं आणि प्लास्टिकचं आहे. मग रंग कितीही सुंदर असो, उपयोग होत नाही.

साधा हिशेब करा. १/२० मध्ये मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवरचे २० मिमी. वितळलेलं पॉलिस्टायरीन साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचावं म्हणून किटच्या भागांची जाडी साधारण १ मिमीच्या आसपास ठेवावी लागते. याचा अर्थ तुमच्या किटमधलं नाक, कॉकपिटभोवतीचं आवरण आणि विंडस्क्रीन, सगळं दोन सेंटिमीटर जाडीचं आहे. खऱ्या लोटस ४९ चा टब, म्हणजे चालक ज्यात बसतो तो मुख्य सांगाडा, १८ गेजच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा होता, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. १/२० मध्ये ती जाडी ०.०६ मिमी भरते. एवढा पातळ भाग प्लास्टिकमध्ये ओतता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. पत्र्याची जाडी दिसते फक्त जिथे तो संपतो तिथे. म्हणून सगळा भाग पातळ करत बसायचं नाही, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आतल्या बाजूने उतरते करायचे.

हे काम कापून होत नाही, खरवडून होतं. गोलसर पात्याचा स्काल्पेल जवळजवळ उभा धरा आणि आतल्या बाजूने कडेकडे ओढत राहा, प्लास्टिकचे बारीक कुरळे निघत राहतात. नाकाच्या तोंडासारख्या गोल उघड्या जागी लाकडी काडीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा, मग ६००, मग १००० पाण्यात भिजवून. किती झालं हे मोजायला कॅलिपर लागत नाही, भाग दिव्यासमोर धरा. कडेजवळ प्लास्टिक पारभासी होऊ लागतं, आणि तो उजेड सगळीकडे सारखा दिसू लागला की थांबा. ०.२ मिमीच्या आसपास आलात तरी पुष्कळ झालं, त्याखाली गेलात तर कड तुटू लागते. खात्रीसाठी आतून पातळ सायनोॲक्रिलेटचा (सुपरग्लूचा) एक अगदी हलका हात द्या, कड कडक होते. रंगवताना आतली बाजू आधी काळ्या रंगाने झाका, नाहीतर नंतर तिथून उजेड झिरपतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

कॉकपिटची कड, नाकाचं तोंड, एक्झॉस्टची टोकं, हवा घेणारे ट्रम्पेट आणि विंडस्क्रीन. माझ्या मते या गाडीवर एवढ्या पाच जागी कडा नीट झाल्या की अर्ध्याहून जास्त काम झालं.

ट्रम्पेटवर थोडं थांबू, कारण लोटस ४९ ला इंजिनावर झाकणच नाही. कॉसवर्थ डीएफव्ही हे ९० अंशांचं व्ही-८ इंजिन. हवा आत घेणारे आठ ट्रम्पेट (कर्ण्यासारख्या नळ्या) दोन्ही सिलिंडर हेडच्या मधल्या दरीत उभे असतात आणि एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूंनी निघतात. चालकाच्या डोक्यामागे नजर पहिली तिथेच जाते. किटमधल्या ट्रम्पेटचा ओठ जाड असतो, आणि आतला खळगाही बहुधा अर्ध्यावर संपतो. निमुळतं बर (कोरून घासणारं टोक) हातड्रिलमध्ये धरून हातानेच हळूहळू फिरवलं तर ओठ बराच पातळ होतो. मोटर लावू नका, घर्षणाने प्लास्टिक वितळून गोळा होतं. दुसरा मार्ग म्हणजे लेथवर कातलेले ॲल्युमिनियमचे ट्रम्पेट विकत घेणं. या गाडीवर वेगळे पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिला खर्च मी इथे करीन. आठही एका उंचीचे आणि एका रांगेत उभे राहायला हवेत. त्यासाठी प्लास्टिकच्या पट्टीला योग्य अंतरावर भोकं पाडून एक साधा जिग करा आणि गोंद सुकेपर्यंत ट्रम्पेट त्यात धरून ठेवा.

विंडस्क्रीनचं तसंच. खरी अगदी पातळ पर्स्पेक्सची होती, किटमधली दोन सेंटिमीटरची. किटचा भागच साचा म्हणून वापरा: त्याच्या मागे पुट्टी भरून तो घट्ट करा, लाकडी ठोकळ्यावर बसवा आणि ०.२ मिमीची पारदर्शक पीईटीजी शीट गरम करून त्यावर ताणा. ताणताना ती आणखी पातळ होते. ते जमणार नसेल तर किटच्याच काचेची वरची कड आतून उतरती करा, २००० पर्यंत घासा आणि पॉलिश कंपाउंडने चमकवा. समोरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही.

आता कडांआधीचा प्रश्न, आणि खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी. तुम्ही कोणत्या दिवसाची गाडी करताय? "लोटस ४९" एवढं उत्तर पुरत नाही. शर्यतीची गाडी दर पंधरवड्याला बदलते. मेकॅनिक रात्रीतून नळी हलवतात, नवीन पत्रा ठोकतात, नाक बदलतात. एक तारीख नक्की केली की पुढचे शेकडो निर्णय ती तारीखच घेते.

मी तुमच्या जागी असतो तर ४ जून १९६७, झँडव्हूर्ट, डच ग्रां प्री हा दिवस घेतला असता. गाडी आणि इंजिन दोघांची ही पहिली शर्यत. लोटसचा ग्रॅहम हिल पोलवर, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवर होता, पण त्याचं इंजिन लवकरच बंद पडलं. त्याचा जोडीदार जिम क्लार्क ५ क्रमांकाच्या गाडीत आठव्या जागेवरून निघाला आणि जिंकला. चाचण्या हिलने केल्या होत्या. क्लार्कने तर झँडव्हूर्टच्या सरावाआधी ही गाडी चालवलीच नव्हती. हा दिवस निवडण्याचं व्यावहारिक कारणही आहे: पदार्पण असल्यामुळे त्या शनिवार-रविवारचे फोटो पुष्कळ निघाले, आणि ते वेगवेगळ्या बाजूंचे आहेत.

तारीख नक्की केली की काय काय गळून पडतं बघा. पंख नकोत, ते १९६८ मध्ये आले. लाल-पांढरा-सोनेरी गोल्ड लीफ रंग नको, फॉर्म्युला वनमध्ये तो मे १९६८ मध्ये हारामाला आला. गिअरबॉक्स झेडएफचा हवा, ह्यूलँडचा ४९बी या पुढच्या आवृत्तीला बसला. टायरवर खाचा हव्यात, गुळगुळीत स्लिक फॉर्म्युला वनमध्ये १९७१ मध्ये आले. आणि सीटबेल्ट नकोत. ते १९७२ पासून सक्तीचे झाले, त्याआधी बहुतेक चालक पट्ट्यांशिवायच बसत. पट्टे लावायचा मोह मोठा असतो, कारण कापडी पट्टा आणि फोटो-एचची बक्कल लावली की कॉकपिट एकदम भरल्यासारखं दिसतं. पण १९६७ च्या कॉकपिटचं खरं रूप ते मोकळं, काहीसं भीतिदायक रिकामेपण आहे. चालकाच्या दोन्ही बाजूंना टबमध्येच पेट्रोल, आणि तो नुसता बसलेला. तसंच ठेवा.

संदर्भाचे फोटो निवडताना आणखी एक काळजी घ्या. आज जतन केलेल्या गाड्यांचे रंगीत, मोठे, स्वच्छ फोटो सहज मिळतात. इंग्लंडमध्ये ब्यूलीच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयातही लोटस ४९ आहे. आकार, वळणं, पत्र्याचे जोड समजून घ्यायला असे फोटो उत्तम. पण आज जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या गाडीला पट्टे, आग विझवण्याची टाकी, नव्या नळ्या, नवे टायर लागतात, त्यामुळे त्या काळातल्या तपशिलांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. डीएफव्हीच्या बाबतीत तर जास्तच जपा. या इंजिनाने १९६७ ते १९८३ या काळात दीडशेहून जास्त ग्रां प्री जिंकल्या, आणि इतक्या वर्षांत त्याचे पंप, नळ्या, कव्हर बदलत गेले. "डीएफव्ही" म्हणून समोर येणारा फोटो बहुतेक वेळा सत्तरच्या दशकातल्या इंजिनाचा असतो. आकारासाठी नवा रंगीत फोटो आणि तपशिलासाठी त्या दिवसाचा काळा-पांढरा फोटो, असे दोन वेगळे गठ्ठे करा. दोन्हींत विरोध दिसला तर काळ्या-पांढऱ्याचं ऐका.

आता बांधणी. या गाडीची सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कॉसवर्थच्या कीथ डकवर्थचं इंजिन हाच तिचा मागचा अर्धा सांगाडा आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी टब चालकाच्या पाठीमागेच संपवला. पुढे इंजिन सरळ टबला बोल्टने जोडलेलं, आणि मागचं सस्पेन्शन इंजिन व गिअरबॉक्सवर. खालच्या बाजूला दोन बोल्ट, वरच्या बाजूला हेडपासून टबपर्यंत येणाऱ्या दोन पातळ पोलादी पट्ट्या. तापल्यावर इंजिन प्रसरण पावतं, तेव्हा किंचित वाकता यावं म्हणून त्या मुद्दाम पातळ ठेवलेल्या. मॉडेलवर त्या जाड असतील तर कापून टाका आणि ०.१ मिमीच्या पत्र्याच्या करा. या दोन छोट्या पट्ट्या बघितल्या की जाणकाराला कळतं, तुम्हाला गाडी समजली आहे.

मॉडेलमध्येही याचा परिणाम तोच होतो. टब आणि इंजिन यांचा सांधा वाकडा गेला तर अख्खी गाडी वाकडी. सांधा एक अंश चुकला तर ४० मिमी मागे जवळजवळ ०.७ मिमीचा फरक पडतो, खऱ्या गाडीच्या हिशेबात १४ मिमी. मग एक चाक जमिनीवर टेकत नाही, आणि ते दुरुस्त करायला आपण सस्पेन्शन ओढूनताणून बसवतो. त्यापेक्षा सांध्यात ०.८ मिमीच्या दोन पितळी पिना घाला, गोंद न लावता जोडून बघा, मागून आणि वरून तपासा. खाली काचेचं तावदान ठेवा, त्याच्याखाली आलेख कागद. दोन्ही ॲक्सल रेषेला समांतर आहेत का, मध्यरेषा नाकापासून गिअरबॉक्सच्या टोकापर्यंत सरळ जाते का, हे कागदच सांगतो. व्हीलबेस २४१३ मिमी, म्हणजे मॉडेलवर १२०.६ मिमी यायला हवा. दोन्ही बाजूंनी मोजा. एका बाजूला १२०.५ आणि दुसऱ्या बाजूला १२१.५ येत असेल तर गोंदाची बाटली बंदच ठेवा.

सस्पेन्शनच्या नळ्यांवर साच्याची शिवण असते. ती घासली की गोल नळी लंबगोल होते आणि प्रकाश पडला की ते लगेच उघड होतं. जी नळी सरळ आहे ती सरळ बदलून टाका. खरी २५ मिमीची असेल तर १.२ मिमीची पितळी सळई किंवा कातलेली नळी चालते. सळईने बळही येतं, आणि ते या गाडीला लागतं, कारण मागचा सगळा भार या काड्यांवर असतो. पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग टबच्या आत आहेत आणि बाहेर दिसतो तो वरचा रॉकर. त्याच्या कडा मात्र किटच्याच ठेवून फक्त साफ करा. तो जाडजूड भाग आहे, तसाच दिसायला हवा. सगळंच पातळ करायचं नसतं. जे खरोखर जाड आहे ते जाड राहिलं, तरच पातळ गोष्ट पातळ भासते.

तारा आणि नळ्यांबद्दल एकच नियम: आधी खऱ्या वस्तूचा व्यास, मग भागाकार, मग तार. स्पार्क प्लगची तार ७ मिमी, म्हणजे ०.३५ मिमी. बाजारात "प्लगची तार" म्हणून मिळणारी ०.५ किंवा ०.६ मिमीची तार १/१२ च्या मॉडेलला शोभते, १/२० वर ती पाण्याच्या पाइपासारखी दिसते. ८ मिमीची इंधनाची नळी ०.४ मिमी. रेडिएटरची ३० मिमीची नळी १.५ मिमी. मऊ शिशाची तार किंवा बारीक सोल्डर वायर वळणात उत्तम बसते आणि परत उसळत नाही. रबरी दिसायला हवी तर काळा मॅट रंग द्या आणि वर अगदी हलका करडा हात फिरवा. पोलादी जाळीची नळी मॉडेलमध्ये फार देखणी दिसते, म्हणून लोक ती कुठेही घालतात. तुमच्या तारखेच्या फोटोत जाळी दिसत असेल तिथेच ती लावा, बाकी साधं काळं रबर.

तार कुठून निघते आणि कुठे संपते, हे माहीत नसेल तर ती तार लावूच नका. हवेत संपणारी नळी काहीच नसण्यापेक्षा वाईट दिसते. डीएफव्हीमध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत आणि प्लग त्यांच्या मधोमध, त्यामुळे तारा हेडच्या मध्यभागी उतरतात, बाजूने नव्हे. तिथे ०.४ मिमीची आठ भोकं हातड्रिलने पाडा. भोक पाडण्याआधी सुईने टोचून खूण करा, नाहीतर ड्रिलचं टोक घसरून रांग बिघडते. वळणं देताना तारेला वजन आहे असं समजून वळवा. खरी तार दोन टेकूंच्या मध्ये जराशी झोळ घेते. मॉडेलवरच्या तारा ताठ कमानी करून उभ्या राहतात आणि तिथे प्रमाण फसतं.

रिव्हेट ही अशीच एक जागा. टबच्या बाजूवर किटने दिलेले उठावाचे ठिपके बऱ्याचदा अर्धा मिलिमीटर व्यासाचे असतात, म्हणजे एक सेंटिमीटरची डोकी. पोलादी पुलावर शोभतील अशी. मी ते सपाट घासतो आणि रंगापूर्वी इंजेक्शनच्या बारीक सुईचं टोक तिरपं न धरता सरळ दाबून गोल ठसे उमटवतो. सुईचं टोक आधी घासून सपाट करून घ्यायचं. ओळ सरळ येण्यासाठी मास्किंग टेपची कड लावा आणि अंतरासाठी टेपवर पेन्सिलच्या खुणा. रेझिनचे उठावदार रिव्हेट डिकलच्या कागदावर येतात, तेही चांगले. कोणताही मार्ग घ्या, पण रिव्हेट दिसला पाहिजे तो तिरप्या उजेडात, आणि समोरून जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे.

आता रंग. सगळ्यांत जास्त जाडी नकळत इथेच चढते. प्रायमर, रंगाचे दोन-तीन हात, वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर, असं मिळून ०.१ मिमी सहज होतं. म्हणजे खऱ्या गाडीवर २ मिमीचा थर. म्हणून पॅनेलच्या रेघा प्रायमरआधी थोड्या खोल करून घ्या, पण रुंद करू नका. ०.१५ मिमीची रेघ म्हणजे ३ मिमीची फट, आणि हाताने बनवलेल्या फायबरग्लासच्या नाकाला ती अगदी योग्य आहे.

नाकापासून मागे जाणारा पिवळा पट्टा डिकलचा लावू नका. गडद हिरव्यावर पिवळं डिकल बहुधा मळकट हिरवट दिसतं, कारण खालचा रंग त्यातून वर येतो. पांढऱ्या प्रायमरवर आधी पिवळा मारा. पूर्ण सुकल्यावर पट्ट्याच्या रुंदीची टेप लावा. मग टेपच्या कडांवरून पुन्हा पिवळ्याचाच एक विरळ फवारा द्या. टेपखाली जे काही झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि फट बुजते. त्यावर हिरवा, पातळ थरांत. हिरवा हाताला लागेनासा झाला पण कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच उलटी दुमडत, हळू, सपाट कोनात काढा. राहिलेली पायरी क्लिअरच्या दोन हातांनंतर २००० च्या ओल्या पेपरने सपाट होते. हिरव्याची नेमकी छटा कोणती यावर वाद चालूच असतात. जुन्या रंगीत फिल्मवर तोच हिरवा कधी काळसर, कधी निळसर दिसतो. मी थोडा उजळ घेतो, कारण एवढ्या छोट्या पृष्ठभागावर गडद रंग आणखी गडद भासतो आणि आकाराची वळणं गिळून टाकतो.

टू-के (हार्डनर मिसळून वापरायचं) युरेथेन क्लिअर वापरणार असाल तर एक गोष्ट तडजोडीची नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. सेंद्रिय वाफा अडवणारे फिल्टर असलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि बाहेर हवा टाकणारा बूथ नसेल, तर ते क्लिअर फवारू नका. साध्या लॅकर क्लिअरनेही या गाडीला हवी तेवढी चमक येते, पण मास्क आणि खेळती हवा त्यालाही लागतेच.

चमक किती हवी, यावर माझं मत ठाम आहे. १९६७ ची शर्यतीची गाडी प्रदर्शनातल्या गाडीइतकी चमकत नव्हती. फायबरग्लासवर हलके हेलकावे, पत्र्यावर रिव्हेटमुळे आलेले ताण, वर घाईने मारलेला रंग. फोटोतली प्रतिबिंबं बघा, ती मऊ कडांची आहेत. तुमच्या पहिल्या गाडीवरची ओली चमक तिला छोटं करते, कारण खोलीतला दिवा तिच्यात जसाच्या तसा दिसतो. ४००० पर्यंत घासा, बारीक कंपाउंडचा एक हात द्या आणि थांबा. नाक थोडं जास्त चमकदार, टबच्या बाजू किंचित कमी. घासताना उंच कडांवर अरुंद टेप लावून ठेवा. रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरतो, तिथे थर सगळ्यांत पातळ असतो आणि प्लास्टिक पहिलं तिथेच उघडं पडतं.

खेळण्यासारखं दिसण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे सगळीकडे एकच चंदेरी. या गाडीच्या मागच्या अर्ध्यात निदान चार धातू शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्यातला फरक दाखवणं हा या मॉडेलमधला सगळ्यांत आनंदाचा भाग आहे. पत्र्याचं ॲल्युमिनियम थंड, सरळ चमकेचं. त्याच्याखाली चकचकीत काळा थर देऊन वर पातळ धातूरंग मारा. ओतीव मॅग्नेशियम निस्तेज, करडं, रासायनिक प्रक्रियेमुळे कधी पिवळट-तपकिरी. त्याच्याखाली करडा प्रायमर, आणि ओतकामाचा खरखरीतपणा हवा तर घट्ट प्रायमर ताठ ब्रशने ठोकून लावा. मुलामा दिलेल्या पोलादी नळ्या उबदार चमकेच्या. एक्झॉस्ट या सगळ्यांपेक्षा वेगळे: प्रत्येक बाजूला चार नळ्या एकात येतात आणि लांब मागे जातात. हेडजवळ कोरडा करडा-तपकिरी, पुढे हळूहळू फिकट, जिथे नळ्या एकत्र येतात तिथे तपकिरीची आणखी एक सावली. निळा-जांभळा रंग मॉडेलवाल्यांना फार आवडतो. फोटोत दिसत नसेल तर तो वापरू नका.

कॅम कव्हरवरच्या फोर्डच्या अक्षरांवर ब्रश चालवू नका. सगळं रंगवून घ्या, पूर्ण सुकू द्या, मग सपाट काडीवर चिकटवलेल्या २००० च्या पेपरने अक्षरांच्या माथ्यावरून एकदा-दोनदा जा. अक्षरं आपोआप उघडी पडतात, आणि त्यांच्या कडा कोणत्याही ब्रशपेक्षा नेमक्या येतात.

मळ किती दाखवायचा, हेही तारीख ठरवते, आणि त्याबरोबर त्या दिवसातली वेळही. झेंडा पडण्याआधीची गाडी करायची की ९० फेऱ्यांनंतरची? झँडव्हूर्ट समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आहे, वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते. शर्यतीनंतरची गाडी करायची तर टबच्या खालच्या भागावर, पुढच्या चाकांच्या मागे, वाळूच्या रंगाचा अतिशय विरळ फवारा द्या, इतका विरळ की शेजारी स्वच्छ भाग असल्याशिवाय तो ओळखू येऊ नये. गिअरबॉक्सच्या खालच्या कडेला तेलाचा ओलसर तपकिरी, रिमच्या आत ब्रेकची काळपट धूळ. मळ नेहमी वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेला असतो, खाली ओघळलेला नाही. सुरुवातीची गाडी करायची असेल तर एक्झॉस्टवरची उष्णता सोडून सगळं स्वच्छ ठेवा. अर्धवट मळ सगळ्यांत वाईट.

टायरकडे लोक शेवटी आणि घाईने बघतात. मधली शिवण काढायला चाक हातड्रिलच्या दांड्यावर बसवून ३२० च्या पेपरवर हलकं फिरवा. शिवण जाते आणि चालवलेल्या रबरासारखा मॅट पोतही येतो. किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर आणखी एक काम आहे. व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षांत बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनचे रिम व त्यावरचा रंग मऊ करतं. टायर कोमट पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, आणि रिम जिथे टायरला टेकतो तिथे धातूच्या पातळ फॉइलची पट्टी लावा. ती बाहेरून दिसत नाही. टायर तळाशी किंचित सपाट करा, पण अगदी किंचित. त्या वर्षी नियमाने किमान वजन ५०० किलो होतं, आणि ही गाडी त्याच्या जवळच होती. एवढ्या हलक्या गाडीचे टायर फुगवटा दाखवत नाहीत.

आता तुमचा फोटो-एच सेट. फोटो-एच म्हणजे सपाट पत्रा. जे खऱ्या गाडीत सपाट आणि पातळ आहे तिथे तो अप्रतिम: ब्रेक डिस्क, रेडिएटरची जाळी, इंजिनाच्या त्या वरच्या पट्ट्या, नळ्यांच्या क्लिप. जे गोल आहे तिथे तो नुकसान करतो. पेडल, बोल्टची डोकी, लिव्हर, स्टिअरिंगच्या काड्या पत्र्यातून कापल्या की कागदी दिसतात. मोठ्या सेटमधले निम्मे भाग अशाच जागांसाठी असतात. तुमच्या हातात ठरावीकच रक्कम असेल तर आधी कातलेले ट्रम्पेट, मग योग्य व्यासाच्या तारा आणि पितळी सळया, मग छोटा सेट मिळत असेल तर तो. मोठा सेट घेतलाच, तर त्यातला प्रत्येक भाग लावण्याआधी खरी वस्तू सपाट होती की गोल, एवढंच विचारा आणि उरलेले पाकिटात राहू द्या.

विंडस्क्रीन सगळ्यांत शेवटी बसवा, आणि तिथे सायनोॲक्रिलेट अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. सुकल्यावर पारदर्शक होणारा पीव्हीए गोंद कडेला अगदी थोडा लावा, टेपने धरून ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.